बेअरिंगमागचा पत्रा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, बस डेपोतून निवृत्त झालेला इंजिन फिटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळचा चहा झाल्यावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी काल मला तपासले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्ती ठणठणीत आहे. कोण केव्हा काय बोलले ते मला वर्षानुवर्षे आठवते, आणि हाच माझा खरा आजार आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात काही माणसांविषयी जे लिहिले होते तेही रद्द समजावे. हा मसुदा वकीलबाईंनी वाचला आणि बऱ्याच ओळींखाली पेन्सिलीने 'याची गरज नाही' असे लिहिले. त्या ओळी मी ठेवल्या आहेत.

कलम १. राहते घर, मागची शेड व मोकळी जागा माझ्या पश्चात पत्नीकडे राहील आणि तिच्यानंतर मुलगी व मुलगा यांना समसमान मिळेल. स्वयंपाकघराच्या खिडकीचे दार फुगून अडकते. ते मी तीनदा दुरुस्त केले आहे. चौथ्यांदा खऱ्या सुताराला बोलवावे. हे वाक्य मी गेल्या वर्षी लिहू शकलो नसतो.

कलम २. बँकेतली ठेव पत्नीची. तिने ती साठवून ठेवू नये, दवाखाना सोडून दुसऱ्या कशावर तरी खर्च करावी.

कलम ३. हत्यारे. पाने, कानशी, मोजपट्ट्या आणि पाणसळ मुलीला द्यावी. डेपोचा शिक्का असलेला बावीस नंबरचा पाना डेपोला परत करावा. 'चुकून सोबत आला होता' असे त्यांना सांगावे. तो चुकून आला नव्हता, पण ते त्यांना सांगायची गरज नाही.

कलम ४. शेडमधली सॉमिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी. ही कोणत्याही कंपनीची नाही, घरी बनवलेली आहे, म्हणून तिची माहिती नीट लिहून ठेवतो. इंजिन भंगारात निघालेल्या टेम्पोचे, चार सिलिंडरचे, डिझेलचे. ते भंगारवाल्याकडून मी हातगाडीवर आणले. पत्नी मागून ढकलत होती आणि सगळा रस्ता मला बोलत होती. इंजिन मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर बांधले आहे. इंजिनाची पुली आठ इंची, पात्याच्या दांड्याची पुली वीस इंची, त्यामुळे छत्तीस इंची गोल पाते सहाशे फेरे घेते. त्याला तेवढेच मानवते. पुल्यांची अदलाबदल झाली तर पात्याचे तुकडे छप्पर फोडून जातील, म्हणून दोन्ही पुल्यांवर तांबड्या रंगात आकडे लिहिले आहेत. ओंडका ज्याच्यावर ठेवून पात्याकडे ढकलायचा तो गाडा दोन रुळांवर चालतो.

इंजिन काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टांनी पक्के केले आहे. पहिला आठवडा पट्टा पुलीवरून सारखा उतरत होता. मग नवा पट्टा ताणून रुळला आणि कटकट मिटली. इंजिनाच्या या बैठकीला आजवर माझ्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नाही.

कलम ५. आता मेहुण्याविषयी. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ सुतार आहे. सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, सदैव त्याच्या खिशात असते. लग्नघरी जेवायला बसला तरी टेबलाचा कोपरा तपासतो. म्हणून सगळे त्यालाच गुण्या म्हणतात. सॉमिल उभी करताना तो माझ्याबरोबर होता. गाडा पूर्ण त्याच्या हातचा आहे.

पहिल्यांदा पाते फिरवले त्या दिवशी आजूबाजूचे दहा-बाराजण बघायला जमले होते. गुण्या खाली वाकला, एक डोळा मिटून पात्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भावजी, पातं रुळाला अगदी समांतर नको. पुढची कड ओंडक्याकडे केसभर झुकू दे. नाहीतर मागचे दात लाकडाला घासतील."

पात्याच्या दांड्याचे बेअरिंग जन्मात हलू नये म्हणून मी त्याच्यामागे लोखंडी टेकण वेल्डिंग करून ठेवले होते. तीन रात्री जागून समांतर रेषा काढली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "लाकूड तासणाऱ्यानं लोखंडाला शहाणपण शिकवू नये."

एकदोघे हसले. गुण्याने पेन्सिलींची डबी बंद करून खिशात टाकली आणि निघून गेला. त्यानंतर एकोणीस वर्षे आमच्या शेडमध्ये त्याने माझ्यादेखत पाऊल टाकले नाही. आमचे जे काय बोलणे व्हायचे ते पत्नीमार्फत. "माझा निरोप त्याला, त्याचा निरोप तुम्हाला. मला एक घंटी तरी घेऊन द्या, टपालवाल्यासारखी वाजवत फिरेन," असे ती म्हणत असे.

पहिला आठवडा फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघाल्या. भुशाला करपल्याचा वास यायचा. मी पात्याला धार लावणाऱ्याला चार शब्द सुनावले. (त्याची इथे माफी मागतो.) मग एके दिवशी डेपोतून परत आलो, ओंडका चढवला आणि फळी निघाली ती अशी की दोरी लावून बघावी. मी जाहीर केले की पाते रुळले. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला शेडमध्ये नेऊन मी माझी समांतर रेषा दाखवत आलो.

मुलगी सुतारकाम शिकायला मामाकडे गेली तेव्हा मी तिला म्हणालो, "घरात सॉमिल असताना मामाच्या हाताखाली रंधा मारायला जातेस?" ती म्हणाली, "बाबा, फळी तुम्ही कापता. पुढचं मामालाच येतं." यावर मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. आज तिच्या हातची बाके तीन शाळांत आहेत.

कलम ६. या कलमासाठी मी हे मृत्युपत्र नव्याने लिहिले.

वकीलबाईंनी यंत्रांची यादी स्थितीसह मागितली, म्हणून सहा आठवड्यांपूर्वी पट्ट्याकडचे बेअरिंग मी पहिल्यांदाच सोडवले. आजवर ग्रीस बाहेरूनच देत होतो, उघडायची वेळ आली नव्हती. बेअरिंग आणि मी वेल्डिंग केलेले टेकण यांच्यामध्ये पत्र्याचा एक तुकडा निघाला. अंगठ्याएवढा रुंद, मधोमध दुमडलेला, अर्धा मिलिमीटर जाड. पुसल्यावर हिरवा रंग दिसला आणि जहाजाची पुढची अर्धी बाजू.

मी तो ओळखला. गुण्याची पेन्सिलींची डबी खोकल्याच्या गोळ्यांची होती, हिरवी, झाकणावर जहाज. त्या डबीला कित्येक वर्षे झाकण नाही. ती तशी उघडी डबी मी लग्नाकार्यात पाहिली होती आणि माणूस किती चिकट म्हणून मनात हसलो होतो.

आधी मला राग आला. पत्रा बाजूला काढला, बेअरिंग टेकणाला भिडवले, पुन्हा मोजून पाते समांतर केले आणि जुना ओंडका चढवला. म्हटले, बघू या कोणाचे खरे ते. ओंडका निम्मा कापून झाला आणि पात्याचा आवाज बदलला. मागचे दात लाकूड खरवडू लागले, धूर निघाला, तापलेले पाते डावी-उजवीकडे लटपटायला लागले. मी डिझेल तोडायचा लाल दांडा ओढला. पाते थांबेपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

मग ओंडक्यावर बसलो आणि मुलीचा विचार आला. सॉमिल तिला द्यायचे तर ठरलेच होते. ती कामाला स्वच्छ. पहिल्याच महिन्यात तिने सगळी बेअरिंगे सोडवून पुसली असती, आत अडकलेला कचरा म्हणून तो पत्रा फेकला असता आणि त्याच जागी उभी राहून ओंडका ढकलला असता. मी तेव्हा सांगायला नसतो.

घरात जाऊन पत्नीसमोर पत्रा धरला. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सापडला का शेवटी?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, तुम्ही डेपोत गेला होतात तेव्हा दादा आला होता. दोरीचं दुसरं टोक मीच तर धरलं होतं."

ती धाकट्या भावाला दादा म्हणते, लहानपणापासूनच.

"आणि एकोणीस वर्षं बोलली नाहीस?"

"पातं रुळलं, पातं रुळलं म्हणून सगळ्या जगाला सांगत होतात. खूश होतात. कशाला बोलू?"

मी तसाच चप्पल घालून गुण्याच्या कारखान्यात गेलो. तो दाराची चौकट तासत होता. मी पत्रा त्याच्या रंध्यापुढे ठेवला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"भावजी, एक बेअरिंग उघडायला एकोणीस वर्षं लागली होय?"

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काढून फेकला असता. आणि ताई रोज त्या गाड्यापाशी उभी राहायची. फळ्या सरळ निघत होत्या ना? मग झालं तर."

मी येताना रस्ताभर बरीच वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आठवले नाही. मी म्हणालो, "चुकलो मी."

त्याने रंधा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चहा घेणार का?" मी दोन कप घेतले. परत येताना मला इतके हलके वाटत होते की घर मागे टाकून कोपऱ्यापर्यंत पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी गुण्याने पत्रा पुन्हा जागेवर बसवला. मुलगी शेजारी उभी राहून शिकली. पुढची कड किती झुकवायची ते माप तिने शेडच्या भिंतीवर लिहिले आहे. तो भाग कोणीही रंगवू नये.

कलम ७. सॉमिल कोणाला. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी ती निम्मी गुण्याला लिहिली होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. दोन्हीपैकी एक ठरवा. मी गुण्याला विचारले.

"गिरणी पोरीला द्या," तो म्हणाला. "मी सही करतो. भावजींनी चूक कबूल केली, आणि तीही लेखी! साक्षीला मी नको तर कोण?"

म्हणून इंजिन, पाते, गाडा, रूळ, पट्टे व बेअरिंगमागचा पत्रा यांसह पूर्ण सॉमिल मुलीला. गुण्याला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. हयातीतच मी त्याच्या डबीला पितळी पत्र्याचे नवे झाकण करून दिले आहे. छान घट्ट बसते असे तो म्हणतो. झाकण आणि डबी यांच्यामध्ये त्याने कागदाची घडी घातली आहे, ती मी पाहिली आहे.

कलम ८. मुलगा दुसऱ्या शहरात कार्यालयात काम करतो. सॉमिल भंगारात द्या, एखाद्याचा हात जाईल, असे तो दर सुट्टीत म्हणायचा. मी त्याला भित्रा म्हणायचो. त्याचे तोंड बंद व्हावे एवढ्यासाठी मी पाच वर्षांपूर्वी तो लाल दांडा बसवला. त्या दांड्यामुळे मी आज हे लिहीत आहे. बाळा, तुझे बरोबर होते. माझे मनगटी घड्याळ तुला. लाल दांडा दर सुट्टीत ओढून तपासायचा हक्कही तुझा, आणि तुझ्या ताईने त्यावर कुरकुर करू नये.

कलम ९. माझ्यामागे भाषणे नकोत. कोणाशी माझे काही राहिले असेल तर ते माझ्याकडून मिटले, असे समजावे. डेपोतल्या तिकीट तपासनिसाबाबत मात्र अजून विचार चालू आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

स्थळ: मागची शेड, इंजिन बंद असताना.
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार.

सही: मृत्युपत्र करणारा, निवृत्त फिटर.

साक्षीदार पहिला: सही. शेजारच्या शिंपीणबाई.

साक्षीदार दुसरा: सही. सुतार, मृत्युपत्र करणाऱ्याचा मेहुणा.

(साक्षीदार दुसरा याच्या हातची टीप: कलम ४ मध्ये दुरुस्ती हवी. पट्टा आपोआप रुळलेला नाही. इंजिनाच्या मागच्या उजव्या पायाखाली बघावे. जहाजाची मागची अर्धी बाजू तिथे आहे. काढू नये.)

(मृत्युपत्र करणाऱ्याची टीप: वाचले. ओणवा होऊन, बॅटरी लावून पाहिले. आहे. कलम ४ मधले शेवटचे वाक्य रद्द समजावे. इंजिन उचलताना पहार कोणी धरली होती, हे पत्नीला विचारलेले नाही. — सही.)