बाबा ठीक होते

पिंपळदरी तांडा, ता. आर्णी
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रेमभिया,

जय सेवालाल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करतात, म्हणून मीही लिहिते. आठ दिवस झाले, पाऊस नाही. कपाशी बरी आहे. सोयाबीनवर पिवळा रोग आला आहे, याडी रोज जाऊन पाहते आणि रोज येऊन तेच सांगते. बाबा काठी धरून दारापर्यंत जातात. उजवा हात तसाच आहे.

तुला वाटेल, हिला आताच्या काळात पत्र लिहायचं काय सुचलं. फोनवर तू मधेच बोलतोस, आणि तू बोललास की मी थांबते. मला थांबायचं नाही.

तुझ्या सोनूचा व्हिडिओ पाहिला. "बा बा बा" म्हणते ते ऐकलं. दहा महिन्यांच्या मानानं छान बोलते, काळजी करू नको. तू खाली लिहिलं होतंस, 'बाबांना दाखव.' बाबांना दाखवला. ते डाव्या हातानं स्क्रीनला हात लावत होते. याडी चुलीपुढे होती. तिला दाखवू नको असं तू लिहिलं नव्हतंस, पण दाखव असंही लिहिलं नव्हतंस. तिनं आवाज ऐकला. विचारलं काही नाही. सोनूच्या बारशाला तू तिला, सख्ख्या आईला, बोलावलं नाहीस, तेव्हाही तिनं काही विचारलं नव्हतं.

आता माझी बातमी. हैदराबादला एमएस्सीची सीट मिळाली आहे. तोच कोर्स, वाचा-उपचाराचा. यादीत माझा नंबर चौथा आहे. बुधवारी निघते. हॉस्टेल मिळालं. देवसिंगकाका बाबांना दर पंधरा दिवसांनी यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन आणतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

तू हे ऐकून खूश होशील, मला माहीत आहे. मागच्या वर्षीही पहिल्याच फेरीत माझं नाव लागलं होतं आणि मी गेले नव्हते, तेव्हा तू सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं होतंस, 'बहीण असावी तर माझ्या पुष्पासारखी. बापासाठी सीट सोडली.' महागावच्या मावशीपासून सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. इथे तर लग्नाकार्यात मला पुढे बसवतात. हंसाबाई आपल्या सुनेला माझं उदाहरण देते. वर्षभर मी हे ऐकत आहे. एखादा खडा दाताखाली आला की माणूस थुंकतो तरी. मी गिळत राहिले.

अर्जासोबत एक निबंध द्यायचा असतो. तुम्हाला हेच शिक्षण का घ्यायचं आहे? मागच्या वर्षी मी तांड्यातल्या पोरांबद्दल लिहिलं होतं. घरी धबाधबा बोलणारी पोरं शाळेत गेली की मराठीपुढे मुकी होतात, आणि मास्तर त्यांना मंद समजतात, असं. खरं होतं ते, मीच तशी होते. तुला आठवत असेल, त्या पायीच बाबांनी घरात आपली तांड्याची बोली बंद केली होती. "माह्या लेकरायले कोणी हसलं नाही पाहिजे," म्हणायचे. स्वतः मात्र याडीशी चोरून बोलायचे.

या वर्षी मी बाबांबद्दल लिहिलं. ज्यांच्याशिवाय तांड्यातलं एकही भांडण मिटत नव्हतं, लग्नात ज्यांच्या बोलण्यावर मांडव हसायचा, त्या माणसाची वाचा एका सकाळी गेली, आणि मुलीनं हाती आलेली सीट सोडून त्यांना एक एक शब्द परत दिला, असं. मुलाखत ऑनलाइन होती. समोरच्या मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "हा आजार इतक्या जवळून पाहिलेली विद्यार्थिनी आम्हाला क्वचित मिळते."

जवळून पाहिलेली. खरंच होतं ते. किती जवळून, ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुलाही सांगितलेलं नाही.

आणि एक एक शब्द परत दिला हे तर साफ खोटं. मी रोज सकाळी बाबांपुढे चित्रांची कार्डं मांडते. कुलूप, छत्री, बैल, कप. "बाबा, हे काय?" बाबा तोंड फिरवून बसतात. यवतमाळच्या कागदावर लिहिलं आहे की बोलणं समजण्यासारखं नाही. पण मी कार्डं उचलून आत गेले की ते याडीकडे भाकरी मागतात, "बाटी." म्हणतात, "पाणी." परवा तर कोंबड्यांना शिव्या देत होते, सगळ्या आपल्या बोलीत. त्यांचं मराठी गेलं, आपली बोली थोडी थोडी परत आली. मी दारात दिसले की गप्प होतात. पुस्तकात याची कारणं आहेत, दोन भाषांच्या माणसाची एक भाषा कशी आधी परत येते त्याची. मी ती पाठ केली, डिग्रीच्या पेपरात लिहिलीही. माझ्यापुढेच ते गप्प का होतात, याला मात्र पुस्तक लागत नाही.

भिया, आता त्या दिवसाचं लिहिते. गेल्या वर्षीचा १६ जून, रविवार.

तुला जे माहीत आहे ते असं: नागपूरला दोन वाजता माझा प्रवेश परीक्षेचा पेपर होता. बाबांनी मला पहाटे गाडीवर आर्णीच्या स्टँडवर सोडलं. परत येताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला, गाडी नाल्याजवळ बाभळीत गेली. साडेनऊला देवसिंगकाका बकऱ्या घेऊन तिकडून गेले म्हणून त्यांना बाबा दिसले. यवतमाळच्या दवाखान्यात पोचायला एक वाजला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीच्या साडेचार तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. तू रात्रीतून पुण्याहून आलास. सकाळी वॉर्डाच्या दारात, देवसिंगकाका, त्यांची बायको, इतर पेशंटची माणसं, सगळ्यांसमोर याडीला म्हणालास, "नवरा पहाटे गेलता. साडेनऊपर्यंत तू घरात कायले बसून राह्यली? तुले एक डाव बाहेर येऊन पाहावंसं नाही वाटलं?"

याडी म्हणाली, "ते आर्णीले गेले की चहाच्या टपरीवर बोलत बसतेत. मले वाटलं..."

"तुले वाटलं!" तू म्हणालास. "तुह्या वाटण्यानं बाप मुका झाला माहा."

मी भिंतीला टेकून उभी होते. तू माझ्याकडे वळलास आणि मला विचारलंस, "तू तर शिकलेली आहे. तू निघाली तेव्हा कसे होते?"

मी म्हटलं, "बाबा ठीक होते."

ठीक नव्हते.

घरून निघतानाच त्यांच्या उजव्या हातात किल्ली धरवत नव्हती. डाव्या हातानं लावली. मला वाटलं, झोपेत आहेत. रस्त्यानं गाडी दोनदा कडेला गेली. स्टँडवर उतरले तेव्हा उजेड झाला होता. नागपूरची बस लागलेली होती. बाबांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली उतरला होता आणि तिथून चहा गळल्याची ओली रेघ हनुवटीपर्यंत आली होती. त्यांना म्हणायचं होतं, पेपर चांगला दे. ते म्हणाले, "पेपर... पेपर... पेपर." त्यांनाच नवल वाटलं. माझ्याकडे पाहून हसायला गेले तर अर्धंच तोंड हसलं. मग जड आवाजात म्हणाले, "पुष्पा, माही जीभ..."

भिया, चार वर्षं मी हेच शिकले होते. एकच शब्द पुन्हा पुन्हा येणं, याला एक नाव आहे. खरं सांगते, माझ्या डोक्यात आधी ते नाव आलं. बरोबर आलं. त्याच्यामागून बाबा आले. आणि त्यांच्याही मागून बसचा कंडक्टर ओरडला, "यवतमाळ, नागपूर, चला!"

मी बाबांना म्हटलं, "झोप नाही झाली तुमची. घरी जाऊन लेटून जा."

ते मान हलवून वळले. मी बसमध्ये बसले. काचेतून पाहिलं, ते डाव्या हातानं किल्ली लावत होते.

ती बस यवतमाळवरून जाते. सव्वासातला ती यवतमाळच्या स्टँडवर दहा मिनिटं उभी होती. तिथून दवाखाना ऑटोनं पाच मिनिटं. त्याच बसमध्ये बाबांना माझ्या शेजारी बसवलं असतं, तर इंजेक्शनला तीन तास उरले होते. मी ती दहा मिनिटं प्रश्नसंच वाचत होते. असं नाही की मला सुचलं नाही. मी सुचू दिलं नाही. पेपर वर्षातून एकदा असतो, बाबा रोज असतात, असा काहीतरी विचार मी केला. घरी फोन तरी करायचा, याडीला सांगायचं की बाबांना पाहा. तोही केला नाही. केला असता तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर मला बसमधून उतरावं लागलं असतं.

पेपरात एक्केचाळिसावा प्रश्न होता. साठ वर्षांचा माणूस, अचानक शब्द अडतात, उजवा हात लुळा, तोंड वाकडं. सर्वप्रथम काय कराल? चार पर्याय होते. मी बरोबर पर्यायावर क्लिक केलं.

बाहेर येऊन फोन सुरू केला तर तुझे सतरा कॉल होते.

त्यानंतर तू याडीशी बोलणं सोडलंस. दिवाळीला आलास, बाबांच्या पाया पडलास, तिला ओलांडून गेलास. फोन मला करतोस, विचारतोस, "बाबा कसे?" ती बाजूला उभी असते आणि मी सांगते, "बरे आहेत." चौदा महिने मी हे पाहिलं. एका वाक्यानं थांबवता आलं असतं. मी सीट सोडली ती बाबांसाठी नाही, भिया. मागच्या वर्षी मला तिकडे जायची लाज वाटली. एवढीच लाज तुला खरं न सांगण्याची वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

परवा सामान भरता भरता मला राहवलं नाही. शेतात गेले. याडी आणि शेजारची इंदूबाई निंदत होत्या. इंदूबाई पाणी प्यायला बांधावर गेली तेव्हा मी म्हटलं, "याडी, मी भियाले खरं सांगून राह्यली. त्या दिवशीचं."

तिनं खुरपं थांबवलं नाही. म्हणाली, "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"का तुले दिसलं होतं."

मी विचारलं, कोणी सांगितलं. म्हणाली, "तुह्या बापानं. मागच्या पोळ्याले. तीन दिवस लागले त्याले तेवढं सांगाले. एक एक शब्द काढे आन् रडे."

म्हणजे बाबांचे पहिले शब्द हे होते. मी आत कार्डं कापत बसले होते, आणि ते आपल्या बोलीत तिला सांगत होते की पोरीनं पाहिलं, पोरगी बसमध्ये बसली.

मी म्हटलं, "मंग भियाले काहून नाही सांगतलं? त्यानं तुले सगळ्यायसमोर..."

"त्याले कोणावर तरी राग काढाचा होता. मी घरीच होती. तुले अजून शिकाले जायचं होतं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागे घेतले.

"पाया नको पडू," म्हणाली. "मी तुले माफ नाही केलं, पुष्पा. मी फक्त बोलली नाही. दोन्ही येगयेगळे हायेत. तू शिकलेली आहे, तुले समजते. आता जा तिकडे. तू घरात असली की ते बोलत नाहीत, आन् ते बोलले नाहीत का मले तो दिवस दिसते."

मग ती पुढच्या ओळीत सरकली. इंदूबाई आली. मी घरी आले.

म्हणून मी जात आहे. लोक म्हणतील, पोरीनं बापाला बोलतं केलं, आता आणखी शिकायला निघाली. तू ग्रुपवर काही लिहू नको, एवढं कर. लिहायचंच असेल तर हे पत्र टाक. मी नाही म्हणणार नाही.

तिकडे दोन वर्षं मी अशाच माणसांसमोर बसणार आहे. त्यांच्या लेकी त्यांना घेऊन येतील, आणि मी विचारेन, त्रास कधी सुरू झाला, सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं. हा पहिलाच प्रश्न असतो. मी चांगली शिकेन, भिया. मला या कामाची गोडी आहे, तेव्हाही होती. तेच तर वाईट आहे.

तुझ्याकडे काही मागायचा हक्क मला नाही, तरी मागते. याडीला फोन कर. माफी माग किंवा नको मागू, तुझं तू पाहा. पण तिच्याशी बोल, आणि सोनूला तिच्या मांडीवर दे. बाबांशी बोलशील तेव्हा आपल्या बोलीत बोल. तुला येते, मला नीट येत नाही. मला फोन करू नको. तू शिव्या दिल्यास तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटायला नको.

वहिनीला नमस्कार सांग. तुझा आशीर्वाद असू दे, असं मी या वेळी लिहीत नाही.

जिनं पाहिलं आणि बसमध्ये बसली ती,
पुष्पा