ह्यांचा कोरडा बार

६ जून

आज हे पेंग्विन घेऊन आले.

जिवंत नव्हे — तेवढंच नशीब! चकचकीत धातूचं, चोचीतून ओतायचं. कॉकटेलचा शेकर म्हणे, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. मी विचारलं, ह्यात हलवणार काय? तर म्हणे हलवायचं नाही, बघायचं. डॉक्टरांनी एक थेंबही नाही म्हणून दम भरल्यापासून हे थेंबाला शिवलेले नाहीत, हे कबूल. पण ज्या ज्या भांड्यातून लोक तो थेंब पितात ती सगळी आपल्याच घरात आली पाहिजेत, असं काही डॉक्टरांनी सांगितल्याचं मला आठवत नाही.

९ जून

बैठकीच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा गेला. माझं शिवणयंत्र आता बेडरूममध्ये, कपाटाला खेटून. कोपऱ्यात काउंटर, त्यामागे आरसा, आरशापुढे काचेच्या फळ्या. कारखान्यात जन्मभर रंगाच्या छटा जुळवल्या, आता घरात जुळवतायत. हिरवट पेले डावीकडे, गुलाबी झाक असलेले उजवीकडे. मी एक पेला उचलून पुन्हा ठेवला, तर लगेच येऊन अर्धा इंच सरकवला!

१० जून

मी कांदा चिरायला सांगितला तर डोळ्यांना पाणी येतं म्हणणारा माणूस आज दुपारभर सोड्याचा सायफन घासत बसला होता. पितळ दिसेपर्यंत. मग मला बोलावून दाखवला. छान दिसतो, म्हटलं. खरंच छान दिसत होता. पण फार कौतुक केलं की उद्या दुसरा येतो.

१३ जून

भांडण. ती दोन तोंडांची छोटी वाटी — दारूचं माप असतं म्हणे — मी कपड्यांच्या साबणासाठी घेतली होती. इतकं बरोबर माप होतं! ह्यांनी बालदीत पाहिलं आणि तोंडच पडलं. कुणी गेल्यासारखं. शेवटी मीच धुऊन, पुसून, फळीवर नेऊन ठेवली.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, आई, बाबांना छंद लागलाय, लागू दे. तिचं काय जातंय! ह्या फळ्या ती थोडीच पुसते.

१६ जून

रिकाम्या काचा केविलवाण्या दिसतात असं ह्यांच्या मनाने घेतलं. म्हणून सकाळपासून स्वयंपाकघराचा ताबा ह्यांच्याकडे. बिनदुधाचा चहा! पहिला फिका म्हणून ओतला, दुसरा लालसर म्हणून ओतला, तिसरा खिडकीशी धरून अगदी तान्ह्या बाळाकडे बघावं तसं बघितलं आणि पास केला. आता दोन डिकँटरमध्ये, म्हणजे दारूच्या काचेच्या सुरयांमध्ये, चहा डौलात उभा आहे. लांबून कुणी शपथेवर व्हिस्की म्हणेल. माझी अर्ध्या महिन्याची चहापत्ती खलास.

१९ जून

वकील आणि मास्तर येऊन गेले. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. पूर्वी शनिवार ह्या तिघांचा असायचा, आणि रविवारी सकाळी कोण कुणाच्या घरी आहे ते मी आणि त्यांच्या बायका फोनवर ठरवायचो. बार बघून दोघं थक्क. वकील म्हणाले, वहिनी, उद्घाटन झालंच पाहिजे. हे छाती फुगवून म्हणाले, रविवारी. खरी आणतो.

वहीत तरी खरं लिहावं. मला भीती वाटते. गेल्या वर्षी ह्यांचे डोळे पिवळे झाले होते, आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून देवाशी काय काय सौदे केले ते मलाच माहीत. त्यानंतर ह्यांनी माझा हात धरून शब्द दिला होता. मागे लागून नव्हे, आपणहून. तो शब्द आता ह्या दोघांसमोर टिकायचा आहे. एकटे असताना हे वाघ असतात. दोस्त आले की विरघळतात.

२१ जून

मी न्हाऊन येईपर्यंत ह्यांनी बाटली आणून मोठ्या डिकँटरमध्ये ओतूनही टाकली. रिकामी बाटली फळीवर मिरवतेय. जुन्या धाटणीचं लेबल, म्हणजे महागाची असणार. "ह्याला हात लावायचा नाही हं," म्हणाले.

लावणार!

२२ जून

लावला.

हे केस कापायला गेले. मला त्या वासाने अजून हॉस्पिटल आठवतं, म्हणून नाकाला कपड्यांचा चिमटा लावला आणि डिकँटर बरणीत रिकामा केला. मोरीत ओतवेना — महागाची वस्तू! बरणी माळ्यावर, जुन्या चादरींच्या मागे. मग चहा केला, गार केला, भरला. चिमट्याचा वण झाकायला नाकावर पावडर. हे आले आणि म्हणाले, आज नटलीस!

संध्याकाळी दोघं आले. बर्फ, चिमटे, सायफनचा फसफसाट, सगळा थाट. वकिलांनी घोट घेऊन डोळे मिटले. म्हणाले, हिला वय आहे. मास्तरांना त्यात धुराचा वास आला. येणारच, पातेलं जरा लागलं होतं! मला हसू आवरेना म्हणून मी आत पळाले.

परत आले तेव्हा ह्यांनी स्वतःचा पेला भरला होता. दिव्याकडे धरला, एकदा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. आणि सरळ प्यायले. अख्खा पेला! वर दुसरा भरला.

तिथून पुढे मला काही गंमत वाटेना. चहा होता हे मला माहीत. ह्यांना कुठे माहीत होतं? ह्यांच्या लेखी ती दारूच होती. म्हणजे खरी असती तरी असेच प्यायले असते. माझ्या डोळ्यांत बघून.

२३ जून

मी ह्यांच्याशी बोलत नाहीये. काय झालं, काय झालं म्हणून तीनदा विचारलं. सांगू काय? सांगितलं तर चोरी माझीच उघडी पडते. डाळीत मीठ घालायचं विसरले. हे निमूट जेवले.

२५ जून

आज ते पेंग्विन पुसून माझ्या शिवणयंत्रावर आणून ठेवलं. समजूत काढायची ही ह्यांची पद्धत! गोंडस दिसतं ते, त्याचाच राग आला. उचलून परत ठेवून आले.

२८ जून

ठरलं. उद्या लेकीकडे जाते. थोडे दिवस. ह्यांना म्हटलं, घरात सगळी भांडी आहेतच, एकट्याने करा मैफल. नुसते सायफनकडे बघत बसले. जीव तुटला, पण मीही हट्टाची आहे.

२९ जून

सुटकेस काढायला माळ्यावर हात घातला तर बरणी लागली. आत पांढरी बुरशी, सायीसारखी जाड. व्हिस्कीला बुरशी येत नाही एवढं मलाही कळतं. झाकण उघडलं. ह्या वेळी नाकाला चिमटा नव्हता. शिळा चहा!

तशीच बरणी घेऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले. पेपर खाली न घेता सगळं सांगितलं ह्यांनी. बाटली जुन्या बाजारातून आणलेली, रिकामीच. वकिलांना डॉक्टरांनी बंदी केलीय, मास्तरांना बायकोने. दोघांनी ह्यांना वेगवेगळं गाठून गळ घातली होती, माझ्या पेल्यात दारू नको, पण दुसऱ्याला कळू देऊ नकोस. म्हणून ह्यांनी आधीच तिघांपुरता चहा भरून ठेवला होता. तो मी काढला आणि माझा भरला.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला खरं वाटलं नसतं."

नसतंच वाटलं.