तीन वजनं, सहा टेबलं

२ नोव्हेंबर १९९८
सकाळी सर्व्हरपाशी बसल्या बसल्या शालिनी आठवली. आम्ही दोघी नोकरीला लागलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात शाईचं चांगलं पेन एकच होतं. ती रेघ ओढायची, शाई वाळेपर्यंत पेन माझ्याकडे. मग माझी रेघ वाळेपर्यंत पेन तिच्याकडे. मधल्या वेळात गप्पा. पेन दे गं, असं एकीनं दुसरीला म्हटल्याचं आठवत नाही. हात पुढे केला की ते हातात यायचं.

आता तीन लायसन्स, सहा टेबलं, आणि साडेनवालाच धुसफूस.

५ नोव्हेंबर
नवं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. कारण काय, तर मॅन्युअल इंग्रजीत आहे. म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉन्व्हेंटच्या." सिस्टर अ‍ॅग्नेसनी मला व्याकरण शिकवलं, सर्व्हर नाही. मॅन्युअलमधलं प्रत्येक वाक्य निर्दोष आहे आणि एकाचाही उपयोग नाही.

एवढं कळलं. साधं ड्रॉइंग, थ्रीडी आणि रंगीत चित्र अशी तिन्ही सॉफ्टवेअर एका गठ्ठ्यात विकली आहेत. त्यातलं कुठलंही उघडा, एक अख्खं लायसन्स जातं. नुसतं जुनं ड्रॉइंग बघायला उघडलं तरी. तिघांनी उघडलं की चौथ्याला पाटी: उपलब्ध नाही.

९ नोव्हेंबर
गाडेकर आठलाच येतात. सगळ्यात सीनियर डिझायनर. कॉम्प्युटर लावतात, सॉफ्टवेअर उघडतात, स्क्रीनच्या खालच्या पट्टीत दडवून ठेवतात आणि चहाला जातात. दिवसभर लायसन्स त्यांचं. एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. आता इतर दोघंही हेच करायला लागलेत. मी याला रुमालच म्हणते.

आज बोलले त्यांना. ते म्हणाले, "मॅडम, एकदा उठलो की जागा गेली. मग साहेब इचारणार, गाडेकर दिवसभर काय करत हुते?" पन्नाशी उलटल्यावर माउस धरायला शिकलेला माणूस. मीही त्यातलीच.

१२ नोव्हेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डिसेंबरअखेर मी रिटायर. माझ्या जागी कोण? मी संगीताचं नाव घेतलं. केडगावची संगीता कांबळे, डिप्लोमा फर्स्ट क्लास, दोन वर्षं हंगामी म्हणून राबतेय. साहेब म्हणाले, सुप्याच्या कारखान्याचं वेल्डिंग फिक्श्चर, वेल्डिंग करताना भाग पकडून ठेवायचा सांगाडा, तिला काढायला द्या. पंधरा डिसेंबरला त्यांची माणसं बघायला येणार. थ्रीडीसकट एकटीनं पूर्ण केलं तर जागा तिची. नाहीतर पुण्याहून माणूस आणतो.

तिला सांगितलं. "करते मॅडम," एवढंच म्हणाली. टेबलाकडे परत जाताना ओढणी खुर्चीत अडकली तिची.

१६ नोव्हेंबर
संगीताला दिवसभरात लायसन्स मिळालं ते जेवणाच्या सुट्टीत. डबा न उघडता बसली.

१८ नोव्हेंबर
लाईट गेली. यूपीएस फक्त सर्व्हरला आणि साहेबांच्या केबिनला. सहाही टेबलं काळी. लाईट आली तर नवाच ताप: मशीनं बंद पडली, पण सर्व्हरच्या लेखी तिघं अजून कामावरच. तिन्ही लायसन्स मेलेल्या मशीनच्या नावावर, जिवंत माणसांना एकही नाही. पुण्याला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिथला मुलगा भरभर इंग्रजीत बोलला. सारांश: सर्व्हर बंद करून चालू करा. ते मलाही सुचलं होतं.

संगीताचं सकाळचं काम सेव्ह झालं नव्हतं. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

२३ नोव्हेंबर
साहेबांकडे चौथं लायसन्स मागितलं. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. वेळापत्रक करून भिंतीवर लावलं होतं, तेही कोणी पाळत नाही. "पाचच मिनिटं मॅडम" आणि मग दुपार.

२५ नोव्हेंबर
माळ्यावरच्या खोक्यात जुनी पितळी वजनं सापडली. ट्रेसिंग पेपर उडू नये म्हणून बोर्डावर ठेवायचो ती. तीन निघाली. मुठीत मावणारी, घासल्यावर अजून चमकतात. एकावर शालिनीनं पिनेनं कोरलेला ‘शा’.

तीन वजनं, तीन लायसन्स! ज्याच्या टेबलावर वजन त्यानंच उघडायचं. उठताना सॉफ्टवेअर बंद, वजन परत सर्व्हरपाशी. वजनाशिवाय कोणी हात लावायचा नाही, भले काही होवो. सगळ्यांना उभं करून सांगितलं. शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे उभे होते.

२ डिसेंबर
आश्चर्य. चालतंय. स्क्रीनमागे रुमाल दडवता येतो, टेबलावर पितळ ठेवून चहाला जायची माणसाला लाज वाटते. गाडेकरसुद्धा वजन परत आणून ठेवतात, वर म्हणतात, "घ्या मॅडम, तुमचा अर्धा किलो." संगीताला रोज अर्धा दिवस तरी मिळतोय. फिक्श्चरचा पाया झाला, क्लॅम्प राहिलेत.

४ डिसेंबर
चीड, चीड, चीड. कोणावर ते कळत नाही.

आज गाडेकर रजेवर, घोडेगावच्या बाजाराला गाय घ्यायला. म्हणजे गर्दी कमी. संगीताला पूर्ण दिवस मिळणार, असं मी कालच मनाशी धरलं होतं. आज तो मिळायलाच हवा होता. उद्या ती आईबरोबर दादरला निघणार, सहा तारखेसाठी. दरवर्षी जातात. मी साहेबांबरोबर सुप्याला गेले. संध्याकाळी परत येते तर संगीता कागदावर पेन्सिलीनं क्लॅम्प काढत बसलेली. कॉम्प्युटर बंद.

का गं?

"वजन नव्हतं मॅडम. दोन बाहेर होती, तिसरं सापडलंच नाही. सगळं कपाट उपसलं."

सर्व्हरवर पाहिलं. दोनच लायसन्स वापरात. तिसरं सकाळपासून मोकळं, आणि ती समोर पेन्सिल घेऊन बसलेली.

उघडायचं ना मग, म्हटलं. आवाज चढला माझा.

"तुम्हीच म्हणाला होता ना, भले काही होवो."

बाकीच्या पाचांपैकी कोणीही उघडलं असतं. हिनं नाही. हंगामी माणसाला नियम मोडून चालत नाही, हे मला कळायला हवं होतं. कालपासून मी नुसत्या लायसन्सचा हिशेब करत होते.

म्हटलं, उद्याचं जाणं... वाक्य पुरं केलं नाही. तीच म्हणाली, "आईला शब्द दिलाय."

बरोबर आहे. माझंच विचारणं चुकलं.

५ डिसेंबर
तिसरं वजन गाडेकरांच्या डब्याच्या पिशवीत. घोडेगावचा बाजार फिरून आलं. "न्हाई ओ मॅडम, मुद्दाम न्हाई. सवयीनं पडलं पिशवीत." मग गाय कशी लई गरीब आहे, हात लावू देते, ते सांगायला लागले. मी ऐकून घेतलं नाही. कालचा दिवस संगीताचा कसा गेला ते सांगितलं, साहेबांच्या अटीसकट. त्यांना अट माहीत नव्हती. मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे.

वजन स्वतः नेऊन सर्व्हरपाशी ठेवलं त्यांनी. गायीचं पुढचं राहूनच गेलं.

८ डिसेंबर
संगीता कालच हजर. घसा बसलेला, पाय सुजलेले. आज सकाळी तिच्या टेबलावर वजन आधीच ठेवलेलं. ‘शा’वालं. गाडेकर भिंतीकडेचा जुना बोर्ड पुसून टी-स्क्वेअर लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेघ अजून सरळ येती मॅडम. माझं वजन ऱ्हाऊ द्या तिला आठवडाभर."

पेन्सिलीचा तो आवाज किती वर्षांनी ऐकला ऑफिसात. डोळे भरले, मॅन्युअल वाचायचं सोंग केलं.

१५ डिसेंबर
सुप्याची माणसं आली. संगीतानं स्क्रीनवर फिक्श्चर फिरवून दाखवलं, क्लॅम्प उघडून, मिटून. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं एक शंका काढली, तिनं उत्तर दिलं, त्यानं मान डोलावली. एक बदल सुचवून गेले.

मी लगेच साहेबांना गाठलं. म्हणाले, "बदल सुचवला म्हणजे पूर्ण कसं? जानेवारीत बघू."

पूर्ण म्हणजे काय असतं यांच्या मते?

२६ डिसेंबर
नाताळाचा केक नेला ऑफिसात. साहेबांना विचारलं, पुण्याचा माणूस ठरला का? दोघांशी बोलणं चालू आहे म्हणे. संगीताच्या नेमणुकीचं पत्र टाईप करून मी त्यांच्या टेबलावर ठेवलंय. फक्त सही. दोन दिवस पेपरवेटखाली आहे. बदल तिनं कधीच करून दिला.

३१ डिसेंबर
नारळ, शाल, भाषण. साहेब छान बोलले. पत्राबद्दल बोलले नाहीत. निघताना पाहिलं, पेपरवेटखालीच होतं. फाडलेलं नाही, सही नाही.

मागे ठेवलं ते असं. उद्या गाडेकरांना फोन करून पुन्हा एकदा सांगायचं:

मॅन्युअल गाडेकरांना. समासात मी मराठीत लिहून ठेवलंय. लाईट गेल्यावर काय करायचं ते पहिल्याच पानावर.

एक वजन गाडेकरांकडे, पण पिशवी लांब ठेवायच्या अटीवर. दुसरं सर्व्हरपाशी, ज्याला लागेल त्याला. आणि आता वजन हरवलं तर आधी सर्व्हरवर बघायचं, मोकळं असेल तर खुशाल उघडायचं. हा नवा नियम मोठ्यानं वाचून दाखवायचा, संगीता समोर असताना.

‘शा’वालं वजन संगीताला. शाईचं पेनही. आता वापरायचं नाही ते, पण हात पुढे केला की हातात यावं असं काहीतरी तिच्याजवळ असू दे.

पुण्याहून माणूस आलाच, तर माझी खुर्ची त्याला द्यावी. टेबल नाही. टेबलावर संगीताचं सामान मी आज स्वतः लावून आलेय.