जुळवून घेणारी

दि. ४ जुलै

ती. स्व. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खोली मिळाली! आणि श्रेय सगळं तुझं. कॉलेजच्या पेजवर नवी मुलं आपापली माहिती टाकतात, कुणाचं कुणाशी पटेल ते बघून जोड्या ठरवतात आणि मग वसतिगृहवाले खोली देतात, हे मी सांगितलं होतंच. मला स्वतःबद्दल दोन ओळी सुचेनात म्हणून तू लिहून दिलंस आणि मी वेडीने ते जसंच्या तसं टाकलं. "सुस्वभावी, मितभाषी, घरकामाची आवड, कोणत्याही परिस्थितीत जुळवून घेणारी." तू दिवसभर विवाह मंडळात मुलींची माहितीपत्रकं टाइप करतेस, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. खाली एकाने लिहिलं, मुलगी पसंत आहे, तारीख धरा. दुसऱ्याने उंची विचारली. आणि बाकीच्या मुलींनी काय लिहिलं होतं सांगू? मी घोरते. मी भांडी वेळेवर घासत नाही. सकाळी माझ्याशी बोलू नका.

पण संध्याकाळच्या आत एका मुलीचा निरोप आला. माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे आहे. जुळवून घेणारी हे खरं आहे ना, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं.

बाबांनी घर सोडून बांधकामावरच्या बराकीत मुक्काम हलवल्यापासून माझी ट्रंक मैत्रिणीकडे पडून होती. ती आता माझ्या पलंगाखाली आहे. आई असती तर आधी ट्रंकेवरची धूळ पुसली असती. तुझा फोन काकांकडेच असतो, म्हणून पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे.

लोभ असावा, माझी उंची कमी असली तरी.
तुझी मुंगी

दि. १५ जुलै

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र फोडलं तेव्हा समोर एका वराची आई बसली होती. तिच्यादेखत मला हसू फुटलं. अगं, सवयीने हात चालतो. मुलीबद्दल लिहायचं म्हटलं की बोटांखाली तेच शब्द येतात.

पण काम झालं ना? मग झालं तर. जिला जुळवून घेता येतं तिचं कुठे अडत नाही. आता इकडचंच बघ. तुझ्या काकांचे धाकटे भाऊ कायमचे राहायला आले. आतली खोली भाऊजींना दिली आणि माझी कॉट पॅसेजमध्ये आणली. शिलाई मशीन कुठेच मावेना, ते देऊन टाकलं. डोळेही पूर्वीचे राहिले नव्हते म्हणा. पॅसेजमध्ये हवा छान येते.

रूममेट कशी आहे ते सविस्तर लिही. नुसतं बरी आहे लिहिलंस तर तिथे येऊन कान उपटीन.

लोभ तुझ्यावर आहेच, दुसरीकडे कुठे जायचा?
तुझी मावशी

दि. ९ सप्टेंबर

ती. स्व. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कान वाचवायचे म्हणून सविस्तर लिहिते. रूममेट हुशार आहे, टापटीप आहे. मनातल्या मनात मी तिला बाईसाहेब म्हणते. तिला आवाज सहन होत नाहीत. मोठे चालतात, बारीक चालत नाहीत. वहीचं पान उलटलेलं, बिस्किट चावलेलं, दुसऱ्या माणसाने घेतलेला श्वास. गेल्या वर्षी तिच्या खोलीतून एकेक मुलगी निघून गेली, आणि एकटीला खोली कॉलेज देत नाही. ती वाईट नाही गं. ओरडत नाही. भिंतीकडे तोंड करून रडायला लागते. मग मीच उठते.

आता माझं छान बसलंय. अभ्यास जिन्यात करते. खाणं कपडे धुण्याच्या खोलीत, मशीनं चालू असली की तिथे ऊबही असते. खोलीच्या कडीला फडकं गुंडाळलंय. थोडा खोकला झालाय, तो आला की बाहेर जाऊन खोकून येते. काळजी करू नकोस, जमतंय.

लोभ असावा, हळू आवाजात का होईना.
तुझी मुंगी

दि. २० सप्टेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

काळजी करू नकोस असं लिहिलं की नेमकी काळजी लागते. गरम पाणी पी. जिन्यात बसताना खाली काहीतरी घे, फरशी गार असते. थोडे दिवस सांभाळून घे, माणूस हळूहळू मऊ होतं. मला तुझ्या आजीने हेच सांगितलं होतं. काका मऊ झाले का, ते विचारू नकोस.

हे पत्र आधी एकदा वेगळं लिहिलं होतं. ते फाडलं. हेच टाकते.

लोभ आहे, तो पत्रात मावत नाही एवढंच.
तुझी मावशी

दि. २१ नोव्हेंबर

ती. स्व. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

झोपून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं. कॉलेजच्या दवाखान्यात आहे. न्यूमोनिया झाला. इतके दिवस अंगावर कसा काढला, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, खोकला आला की व्हरांड्यात जायचे. त्या म्हणाल्या, व्हरांड्यात का?

परीक्षा बुडाली. सुट्टीनंतर पुन्हा होईल, तीही बुडाली तर कॉलेजातून नाव जाईल. बाईसाहेबांचा निरोप आला, पूर्ण बरी झाल्याशिवाय यायची घाई करू नकोस. तिला बिचारीला आता झोप लागत असेल.

मावशी, सुट्टीत ती घरी जात नाही. बराकीत बाबा मला ठेवू शकत नाहीत. तुझ्याकडे येऊ का? पॅसेजमध्ये तुझ्या कॉटखाली पडेन. काकांना सांग, मी आवाज करत नाही. मी जुळवून घेईन.

लोभ असावा. आता फार असावा.
तुझी मुंगी

दि. २९ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

"मी जुळवून घेईन" हे तुझं वाक्य वाचलं आणि टेबलावर सगळं तसंच टाकून ऑफिसच्या मोरीत जाऊन उभी राहिले.

काकांना विचारलं. सगळे जेवताना विचारलं, चारचौघांत नाही म्हणणार नाहीत अशी माझी अक्कल. ते म्हणाले, जागा कुठे आहे. भाऊजी म्हणाले, खोकल्याने माझी झोप मोडेल. जागा होती, ती तुम्हाला दिली, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि ताटं उचलली. माझ्याच्याने झालं नाही, मुंगे. म्हणून ये म्हणू शकत नाही.

त्या पेजवर पुन्हा लिही. या वेळी तुझं तू लिही. त्या बाकीच्या मुलींसारखं, काय चालत नाही ते लिही. माझे शब्द घेऊ नकोस. ते मुलगी नेणाऱ्यांसाठी असतात, मुलीसाठी नसतात.

लोभ असावा असं कोणत्या तोंडाने लिहू? तरी असावा.
तुझी मावशी

दि. ८ डिसेंबर

ती. स्व. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर खूप रागावले होते. मग राग गेला. कुठे गेला कळलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

खोलीत परत आलेय. पेज उघडून बसले. मला काय चालत नाही? खिडकी उघडी आवडते की बंद, दिवा लागतो की अंधार, मला ठाऊकच नाही. इतर मुली कशा धडाधड लिहितात! शेवटी एवढंच टाकलं, "मला खोकला आहे. तो आला की मी खोलीतच खोकणार."

अजून कुणाचाही निरोप नाही. कुणी थट्टासुद्धा केली नाही. बाईसाहेबांनी वाचलं असणार. काल दुपारी ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी उठले नाही. पलंगावर बसून खोकले. फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. पण उठले नाही.

मावशी, तुला काय चालत नाही? आईला हे कधी विचारलं नाही, ते राहूनच गेलं. तुझं मला कळव. एक ओळ पुरे.

लोभ आहे. उत्तराची वाट पाहते.
तुझी मुंगी