डाव्या दारावरचा ओरखडा

प्रकाशा, ८ जानेवारी २०२५

चि. कामिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तुझे पप्पा स्पीकर लावून बसतात, म्हणून हे पत्र. गाडीच्या विम्याचा यंदाचा आकडा आला, बराच वाढलेला. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉलीला घासून मी डावं दार ओरबाडलं, त्याचंच हे फळ. पप्पा एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. किल्ली त्यांच्या हातात देऊन मीच म्हणाले, यापुढे गाडीला हात लावणार नाही.

पण तुझ्या शोभाकाकूला डायलिसिससाठी नंदुरबारला मीच न्यायचे ना! पप्पा ऊसतोडीत अडकलेले. परवा काळीपिवळी जीप भरेपर्यंत ती फाट्यावर बसून राहिली. पोचली तेव्हा मशीन दुसऱ्याला लावलेलं. सुजल्या पायांनी तशीच परत आली. तिच्याकडे बघवत नाही गं.

आठवण ठेव,
तुझी आई

सुरत, १३ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चूक माझी आहे. गॅरेजवाले हिलालभाऊ थोडक्या पैशांत दार रंगवून देत होते. मीच शहाणपणा करून म्हणाले, हप्ते भरतो कशाला, क्लेम करा. इतकी वर्षं क्लेम न केल्याची सूट त्या एका दारापायी गेली. वर सुटे भागही महागलेत, तो काही तुझा गुन्हा नाही.

आता किरकोळ पोचे घरच्या पैशाने काढायचे, क्लेम मोठ्या अपघातासाठी ठेवायचा. सूट हळूहळू परत मिळते. पप्पांना सांग, दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा, नको ती जादा संरक्षणं काढा, पण मुदत चुकवू नका. आणि गाडी उभी ठेवली तरी हप्ता तेवढाच! काकूला ने गं.

दीडशहाण्या लेकीवर राग धरू नकोस,
कामिनी

प्रकाशा, २० जानेवारी

चि. कामिनीस,
अ. उ. आ.

राग कसला, वेडे! किल्ली मागायला माझी जीभ रेटेना. शेवटी पप्पांनीच ती चहाच्या कपाशेजारी ठेवली. आपण गप्प बसलो ते चुकलंच, असं खाली बघत म्हणाले. तीन ठिकाणी विचारून त्यांनी विमाही जरा स्वस्तात घेतला.

काकूला घेऊन निघाले आणि फाट्यावरच केळीच्या ट्रकला आरसा लागून फुटला. आधी विमाच आठवला. काकू म्हणाली, आरसा राहू दे, घड्याळ बघ.

आरसा हिलालकडून माझ्या दुधाच्या पैशांत बसवला. क्लेम नाही! संध्याकाळी वाईट वाटून घ्यायला बसले होते. पण काकू वेळेत मशीनवर गेली होती आणि येताना माझ्या शेजारी निवांत झोपली होती. मग वाईट वाटायचं राहूनच गेलं.

आरशाचं पप्पांना बोलू नकोस, बाकी माया आहे तशी राहू दे.

तुझी आई