दिनार कुठला, ते विचारलंच नाही

आबा,

काल थोरल्या पोरीसाठी परदेशी पैसे आणायला नांदेडला गेलो होतो. ती कंपनीच्या कामानं सिंगापूरला निघाली आहे. पासपोर्ट दाखवला, तिकीट दाखवलं, दोन फॉर्मवर सह्या झाल्या आणि काउंटरवरच्या माणसानं नोटा पुढं सरकवल्या. मी विचारलं, "हे सिंगापूरचेच डॉलर ना?" तो हो म्हणाला. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पोरगी माझं मनगट धरून कुजबुजली, "बाबा, काहून तकलीफ देऊन राहिले त्याला?" तो माणूस हसला, तीही हसली. माझ्या मानेवर मात्र घाम फुटला होता. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी नोटेवरचं चित्र पाहिलं की माझं असंच होतं, आणि का होतं ते मी घरात कुणाला धडपणे सांगितलेलं नाही.

तुमच्या लहानपणी आपल्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा आणि कनेरगाव नाक्यापलीकडं, वऱ्हाडात, इंग्रजांचा कलदार. आजोबांबरोबर मेंढरं हाकत वाशीमच्या बाजाराला जाताना नाक्यावर हाली मोडून कलदार घ्यावा लागे. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की आई म्हणायची, आता मेंढरंसुद्धा पाठ म्हणून दाखवतील. शेवटी तुमचं ठरलेलं वाक्य असायचं, "रुपया म्हणलं की हुरळू न्हाई. हाली का कलदार, आधी इचारावं." एवढं शहाणपण घरात असताना आपण बापलेक दोघंही कसे फसलो, याचं मला अजून नवल वाटतं. नवल कसलं, रागच येतो.

मला कुवेतला वेल्डरचं काम लागलं होतं. पहिला पगार महिन्यानं मिळणार, तोवर हाताशी तिथला पैसा असावा, असं एजंट म्हणाला. मी बँकेत जाणार होतो. तुम्ही म्हणालात, "बँकेतले सायब लोक धा कागद मागतेत. मी आणतो की." वारंगा फाट्यावर एक घड्याळ-रेडिओवाला होता, आखातातून आलेल्यांचा माल घ्यायचा आणि त्यांच्याकडच्या उरलेल्या नोटाही. त्याच्याकडून तुम्ही आणलेत. अजून दिसतं मला. तुम्ही ओट्यावर बसलाय, पटका सोडून त्याच्या घडीतून नोटा काढताय आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचताय, "दि... नार." निजामाच्या शाळेत तुम्ही दोन इयत्ता उर्दू शिकलात, घरात ती अक्षरं फक्त तुम्हालाच लागायची. त्या दिवशी तुमची छाती केवढी फुगली होती! "आंधळ्यावानी न्हाई आणले. वाचून घेतले, बराबर हायेत." वरच्या ओळीत वळणदार अक्षरांत देशाचं नाव होतं. ते तुम्हाला लागलं नाही आणि तसं तुम्ही बोललाही नाहीत. नोटेवर गणवेशातल्या एका माणसाचं चित्र होतं. त्याची नजर मला आवडली नव्हती. तरी मी नोटा बॅगेत ठेवल्या.

कुवेतला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी एक नोट सुटी करायला पैसे बदलायच्या दुकानात गेलो. काचेपलीकडचा कारकून हैदराबादचा होता. त्यानं नोट पाहिली आणि पटकन तिच्यावर हात ठेवला. "मियाँ, ये इराक का दिनार है. दो-तीन साल पहले इसी फोटोवाले की फौज यहाँ घुसी थी. जेब में डाल, पीछे मत देख, निकल जा." मागं रांग होती. तिच्यातला एकजण मान पुढं करून माझ्या मुठीकडं बघत होता. तो दारापर्यंत माझ्यामागं आला, रस्त्यावरही आला, आणि एका कोपऱ्यावर दिसेनासा झाला. कॅम्पवर येऊन मी सगळ्या नोटा संडासात जाळल्या. पुढं कितीतरी दिवस माझ्या मागं कुणी चाललं की मी रस्ता बदलायचो.

पहिला पगार झाला तेव्हा फाट्यावरच्या फोनवर तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही आधी तब्येत विचारली नाहीत, ओरडून विचारलंत, "दिनार चालले का रे?" मी म्हणालो, "व्हय आबा, बराबर चालले." तुम्ही तिथल्या तिथं चारचौघांना सांगितलेलं मला ऐकू आलं.

चार महिन्यांनी घरचं पत्र आलं. शेजारच्या घरचा, माझ्याच वयाचा गडी कुवेतला निघाला होता. "त्यालाबी मीच आणून दिले, तुझे चालले म्हणून," असं तुम्ही आईकरवी लिहवून घेतलं होतं. पत्र मिळालं त्याच्या पाच दिवस आधीच तो उतरला होता. त्याच्या कंपनीचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. दोन शुक्रवार मी बाजारात त्याला शोधत फिरलो, आणि तिसऱ्या शुक्रवारी कळलं. त्यानं फळांच्या दुकानात नोट काढली होती. माणसांनी घेरून मारलं. त्या रांगेतून माझ्यामागं जे आलं होतं, ते त्याच्यापर्यंत पोचलं. कंपनीनं त्याला परत पाठवलं. डाव्या कानानं त्याला आजही ऐकू येत नाही.

आईनं पुढं सांगितलं, त्याचा बाप आपल्या दारात आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं लेकरू खोटं बोलत न्हाई. तुमच्याच पोरानं काहीतरी केलं आसंल." त्यानंतर दोन घरांतलं येणंजाणं तुटलं, लग्नकार्यंसुद्धा. तुमच्या मर्तिकाला त्यांच्याकडून कुणी आलं नाही. तुम्ही जाण्याआधीच्या शेवटच्या फोनवर तुमचा आवाज बारीक होता. "खरं सांग, मी काही बोलनार न्हाई. चालले व्हते ना?" मी पुन्हा व्हय म्हणालो. तुम्ही पोटभर जेवत जा म्हणालात.

चालले नव्हते, आबा. एकही नाही. हा कागद पाठवायचा कुठं, आणि शेजारच्या घरी न्यायची हिंमत माझ्यात नाही. तुमचं मन मोडू नये म्हणून मी खोटं बोललो, असं मी बायकोला सांगत आलो आहे. ते खरं नाही. त्या पहिल्या फोनला, कॅम्पजवळच्या फोनच्या पेटीत टाकलेली नाणी संपत आली होती. सगळं सांगायचं तर आणखी चार टाकावी लागली असती. माझ्या खिशात पाच होती. ती मी सिगारेटसाठी ठेवली होती.