जिना तयार आहे, फक्त जागेवर नाही

११ ऑक्टोबर, शनिवार
तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी वाजते. लोर्ना म्हणाली, दोन स्क्रू मार, बास.
बायकोला काय कळणार. मी तीस वर्षं इन्शुरन्स कंपनीत लोकांची पडकी घरं तपासली. कोणाचा लाकडी डेक का कोसळला, हे गाडीतून न उतरता सांगायचो. वाजणारी पायरी हे लक्षण. रोग म्हणजे अख्खा जिना.
निर्णय: नवा जिना. ओकचा. स्वतःच्या हातांनी.

१२ ऑक्टोबर, रविवार
जुना जिना जेवणाच्या आत काढून मोकळा. स्वतःच्या वेगाचं स्वतःलाच नवल वाटलं.
लोर्ना धुण्याची टोपली घेऊन आली आणि दारातच थांबली. वॉशिंग मशीन खाली, फ्रीझर खाली, आणि मध्ये विहिरीसारखा खड्डा. आता खाली जायचं कसं, असं तिने शांतपणे विचारलं. मी म्हटलं, चार दिवस कळ काढ. ती टोपलीसकट गाडीत बसून लाँड्रीत गेली.
शेजारच्या ड्वेनची शिडी मागून आणली. जुन्या फळ्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली. उद्या कचऱ्याच्या डंपवर टाकतो.

१९ ऑक्टोबर
मोठी बातमी. यंदाचं थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडे.
आमचं लग्न झाल्यापासून ते मेव्हणीकडे होतं. मार्लिसचं घर मोठं, मार्लिसचा ओव्हन मोठा, मार्लिसची ग्रेव्ही पातळ होत नाही. लोर्ना दर वर्षी विचारायची आणि सासूबाई दर वर्षी 'बघू' म्हणायच्या. यंदा हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर लोर्ना ओट्याला टेकून रडली. मलाही भरून आलं.
मग डोळे पुसून तिने एकच विचारलं. टर्की तळघरातल्या फ्रीझरमध्ये आहे. जिना होईल ना?
शब्द दिला. फळ्या उद्या टाकतो, असाही दिला.

२ नोव्हेंबर
तळघरात उजेड कमी, म्हणून जिना गॅरेजमध्येच पूर्ण जोडायचं ठरवलं. ही माझी स्वतःची पद्धत. व्हिडिओत कोणी असं करताना दिसत नाही. लोकांना सुचत नाही.
लोर्नाची गाडी बाहेर उभी असते. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना काहीतरी पुटपुटते. तेवढाच व्यायाम.

८ नोव्हेंबर
जिना पूर्ण. हात फिरवला की लोण्यासारखा. त्याच्यावर बसून एक बिअर प्यायलो.
ड्वेन आला. शिकारीचा हंगाम सुरू होतोय, झाडावर मचाण बांधायला शिडी हवी म्हणाला. मी म्हटलं, जिना झाला, शिडीची गरज संपली, एकवीस तारखेला घेऊन जा. तो म्हणाला, नॉर्ब, तुझ्याकडून एवढी अपेक्षा नव्हती. माणूस मनमोकळा आहे.

९ नोव्हेंबर
जिना स्वयंपाकघरापर्यंत आला. तळघराच्या दाराशी वळत नाही. उभा केला तर छताला लागतो, आडवा केला तर फ्रिजला. हे घर बांधणारा माणूस अडाणी होता.
लोर्नाला समजावलं. जिना तयार आहे, फक्त जागेवर नाही. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, प्रश्न अंगणाचा नाही, कोपऱ्याचा आहे. ती रात्रीचं जेवण मार्लिसकडे जेवली.

१५ नोव्हेंबर
सोपा उपाय. मधोमध कापला. दोन्ही अर्धे झकास वळतात.
जोडायला मात्र अर्ध्यावर अर्धा चढवावा लागतो, आणि चढवला की जिना जमिनीपर्यंत पोचत नाही. हवेतच थांबतो. दोन्ही अर्धे परत गॅरेजमध्ये.
दोन सुतारांना फोन केला. फक्त चौकशी म्हणून. दोघंही म्हणाले, शिकारीला चाललोय, डिसेंबरात बघू. विस्कॉन्सिनमध्ये या आठवड्यात हरणाच्या मागे न गेलेला पुरुष म्हणजे एक मी. हा इशाराच समजायचा. काम माझ्याच हातून व्हायचं आहे.
लोर्नाने फळ्यांची आठवण काढली. उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार
तळघरातून लिहितोय. क्रम नीट नोंदवून ठेवतो.
टर्की आज वर न्यायला हवी होती, नाहीतर गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत वितळणार नाही. लोर्ना दुकानात गेलेली. मी शिडीने खाली उतरलो. फ्रीझर उघडतो तोच वर ड्वेनचा आवाज. कोणी आहे का, शिडी न्यायला आलोय.
आता, त्याला जिना झाला असं मीच सांगितलेलं. 'थांब, मी खाली आहे' म्हटलं असतं तर तो विचारणार, शिडीने का उतरलास. मी गप्प बसलो. त्याने पुन्हा हाक मारली. मी फ्रीझरच्या आडोशाला वाकलो. शिडी वर गेली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.
एकंदरीत प्रसंग शांतपणे हाताळला.

२१ नोव्हेंबर. संध्याकाळ
लोर्ना आली. मी सांगितलं की खाली थोडं काम काढलंय. तिने खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग दोरी टाकली. मी टर्की बांधली, तिने ओढली. टर्की वर, मी खाली.
जेवण टोपलीतून आलं. बोलोनी सँडविच. मोरीचा मी कशाकशासाठी वापर केला ते इथे लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सासूबाई आणि मार्लिस येऊन थडकल्या. साडू अर्थातच जंगलात. मार्लिस म्हणाली, सगळं माझ्याकडेच करू, तयारी आहे. मला खालून फक्त लोर्नाच्या चपला दिसत होत्या. त्या हलेनात. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. अर्थात चूक घराचीच.
मग सासूबाईंनी विचारलं, जुना जिना कुठे आहे?
गॅरेजमागे, लोर्ना म्हणाली. महिनाभर 'उद्या टाकतो' म्हणतोय.
सासूबाई म्हणाल्या, जावयाच्या आळसाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.
मार्लिसने दुकानातून शिडी आणते असं सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात नको. काम होईपर्यंत तो खालीच बरा.
ऐंशी पार केलेली बाई. गोठ्याच्या माळ्याचा जिना म्हणे स्वतः ठोकलेला. खुर्ची टाकून दारात बसल्या आणि मुलींना फळी फळी सांगत गेल्या. मी खालून मार्गदर्शन करत होतो. त्यांनी मार्लिसला रेडिओ लावायला सांगितला. मग खालची टोकं मी धरली, त्याशिवाय झालंच नसतं.
अंधार पडायच्या आत जिना उभा. वर आलो तेव्हा लोर्नाने माझ्याकडे बघितलं नाही. फ्रिज उघडून टर्कीकडे बघितलं.

२७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग आमच्याकडे झालं. ग्रेव्ही किंचित पातळ. सासूबाईंनी दोनदा घेतली आणि अवाक्षर काढलं नाही. लोर्ना दिवसभर उगीच हसत होती. किती वर्षांनी ती अशी दिसली. मी बघतच राहिलो.
टेबलावर प्रत्येकाने कशाबद्दल आभार मानायचे ते सांगितलं. सासूबाईंनी हरणांचे मानले, सगळ्या पुरुषांना घराबाहेर काढल्याबद्दल. ड्वेन भोपळ्याचा गोड 'पम्पकिन पाय' द्यायला डोकावला, जिना पाहिला आणि म्हणाला, नॉर्ब, अगदी जुन्यासारखा केलास. मी नम्रपणे मान डोलावली. लोर्नाला ठसका लागला.

२८ नोव्हेंबर
तिसरी पायरी अजून वाजते. दोन स्क्रूंचं काम. लोर्नाला म्हटलं, आत्ता करून टाकतो. ती म्हणाली, हात लावायचा नाही. वाजू दे. तू हत्यारं घेऊन खाली निघालास की मला कळलं पाहिजे.
ती भांडी लावत होती तेव्हा स्क्रूड्रायव्हर बाहीत घेऊन निघालो. तिसरी पायरी अलगद ओलांडली आणि चौथीवर पाय टेकला.
चौथीही वाजते.
स्वयंपाकघरातून लोर्ना म्हणाली, नॉर्ब, ठेव तो परत. ठेवला.